खालचं पान

रस्त्यावरून शेत पाहणारा शेंडे पाहतो. शेंडे बहुतेक वेळा हिरवेच असतात.

*

मका गुडघ्याला लागला होता. बांधावर उभा राहून मी म्हणालो, "अण्णा, यंदा पीक झकास दिसतंय."

अण्णा माझे चुलते. सातारी माणूस, शब्द मोजून वापरतात. म्हणाले, "वरनं दिसतंय झकास." मग वाकून त्यांनी एका ताटाचं बुडाजवळचं पान वर उचललं. पानावर एक पिवळी पाचर होती. टोकाकडे रुंद, देठाकडे निमुळती होत मधल्या शिरेवरून आत घुसलेली. दोन्ही कडा अजून हिरव्या होत्या. "भूक लागलीय त्याला," अण्णा म्हणाले.

त्या पानाच्या हातभर वर पोंगा होता. कोवळा, तकतकीत. त्याला काहीच माहीत नव्हतं.

*

शेतीच्या पुस्तकातही हीच खूण आहे. नत्र कमी पडलं की जुनी पानं आधी पिवळी पडतात. मक्यात हा पिवळेपणा टोकापासून, मधल्या शिरेवरून येतो. जुन्या पानाच्या कडा करपत आल्या तर पालाश कमी. पानावर जांभळी झाक आली तर स्फुरद. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोह.

पीक पिवळं पडलंय, एवढं सांगून काहीच सांगितलं जात नाही. कुठलं पान? पानाचा कुठला भाग? सुरुवात कुठून?

हे कळायच्या आधी मी एकदा शहाणपणा केला होता. चुनखडीच्या रानातलं सोयाबीन पिवळं पडलं. मी फोटो काढून एका कृषी सेवा केंद्राला पाठवला. उत्तर आलं, युरिया टाका. टाकला. पीक तसंच राहिलं. पिवळी होती ती वरची पानं, शिरा हिरव्या, भूक लोहाची. दुकानदाराला दोष काय द्यायचा? फोटोत शेंडा होता, बूड नव्हतं. मी वाकलोच नव्हतो.

*

लोह झाडात एकदा जिथं बसलं तिथं बसलं. ते कमी पडलं की नवं पान रिकामं येतं. नत्र हिंडतं. ते कमी पडलं की जुनं पान रिकामं केलं जातं.

दोन्ही उणिवाच. एकीची झळ येणाऱ्याला लागते, दुसरीची असलेल्याला.

*

हरितद्रव्याच्या रेणूत मॅग्नेशियमच्या एका अणूभोवती नत्राचे चार अणू बसलेले असतात. पण पानातलं बहुतेक नत्र हरितद्रव्यात नसतंच. ते प्रथिनांत असतं, त्यातही उन्हावर अन्न शिजवणाऱ्या प्रथिनांत. टंचाई आली की ती प्रथिनं मोडतात, त्यांची अमिनो आम्लं होतात आणि साखर वाहून नेणाऱ्या नळ्यांतूनच ती वर जातात. या मोडतोडीत हिरवा रंग जातो.

पिवळा रंग मात्र नव्याने येत नाही. तो पानात आधीपासूनच असतो, हिरव्याखाली झाकलेला. त्या पिवळ्या रंगद्रव्यात नत्राचा एकही अणू नसतो. म्हणून ते मागे राहतं. घर रिकामं करणाऱ्यांनी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर तेवढं राहू द्यावं, तसं.

*

इथं आईच्या त्यागाची उपमा आयती हाताला येते. मी ती दोनदा लिहिली आणि खोडली.

पान देत नाही. शेंडा ओढतो, मुळं पुरवू शकत नाहीत, आणि मधे जे असतं ते रिकामं होतं. मग ही लूट म्हणावी, तर तेही बसत नाही. मोडणारी विकरं पान स्वतःच तयार करतं, आपल्याच पेशीत, आणि क्रमाने. अन्न शिजवायची जागा आधी मोडते. पेशीचं केंद्रक शेवटपर्यंत राखलं जातं, कारण आवराआवर पुरी व्हायला कारभारी लागतो.

तरी याला त्याग म्हणू नये. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या देण्याला वेगळा शब्द लागेल. मराठीत तो मला अजून सापडलेला नाही. घराघरांत त्याची गरज मात्र आहे.

*

साग किंवा पळस पान टाकतो तेव्हाही हेच घडतं. पान गळण्याआधी झाड त्यातलं साधारण निम्मं नत्र फांदीत ओढून घेतं. पायाखाली कुरकुरतो तो पाचोळा म्हणजे हिशेब चुकता करून सोडलेली पानं.

थकल्या माणसाला आपण पिकलं पान म्हणतो. वयाच्या पिवळ्याची आणि भुकेच्या पिवळ्याची यंत्रणा एकच आहे. फरक तारखेचा. उपाशी ताट आपलं पान अकाली पिकवतं.

*

हवेच्या शंभर भागांतले 78 भाग नत्र. एका हेक्टरावर उभ्या असलेल्या हवेत ते सुमारे 78 हजार टन भरतं. त्याच हेक्टरातल्या संकरित मक्याची शिफारस आहे 120 किलोची.

78 हजार टनांखाली उभं राहून पीक 120 किलोसाठी पिवळं पडतं. हवेतल्या नत्राचे दोन अणू एकमेकांना तीन हातांनी धरून बसलेत. त्यांना सोडवायची ताकद मक्याकडे नाही.

*

1772 मध्ये डॅनियल रदरफोर्डने हा वायू वेगळा काढला, तेव्हा त्याला एवढंच कळलं की यात मेणबत्ती विझते आणि उंदीर मरतो. पुढे लव्हाझिएने त्याला ग्रीक शब्दांवरून अझोत हे नाव दिलं. अर्थ, जीव नसलेला. फ्रेंच माणूस आजही अझोतच म्हणतो. जर्मन नावाचा अर्थ गुदमरवणारा पदार्थ. लव्हाझिए स्वतःच्या जमिनीवर शेतीचे प्रयोगही करायचा, हे विशेष.

प्रत्येक प्रथिनात, प्रत्येक जनुकात जो आहे त्याचं नाव निर्जीव. नावं पहिल्या भेटीत पडतात, ओळख नंतर होते.

आपलं नत्र बरं. अर्थाच्या भानगडीत पडत नाही. नत्र, स्फुरद, पालाश. तिन्ही शब्द घडवलेले, आणि तिन्ही आता बांधावर बोलले जातात. परिभाषेच्या समित्यांना एवढं यश क्वचितच आलं असेल.

*

"रान हरभऱ्याच्या बेवडाचं हाय," अण्णा दुसऱ्या तुकड्याकडे बोट दाखवून म्हणाले. तिथं मक्याची खालची पानंही हिरवी होती.

बेवड म्हणजे आधीच्या पिकाने मागे ठेवलेली जमिनीची तब्येत. एका शब्दात आधीचं पीक, जमीन आणि पुढचं पीक, तिघांचं नातं. 1886 मध्ये हेलरीगेल आणि विलफार्थ या जर्मन संशोधकांनी सिद्ध केलं की शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र बांधतात. दोन वर्षांनी बायरिंक या डच शास्त्रज्ञाने गाठीतला जिवाणू वेगळा काढला. बेवड हा शब्द वापरणाऱ्यांना जिवाणू ठाऊक नव्हता. त्याचं काम ठाऊक होतं.

*

हरभरा उपटून मुळावरची गाठ नखाने फोडून बघावी. आत लालसर असेल तर गाठ कामावर आहे. करडी किंवा हिरवट असेल तर नाही.

तो लाल रंग आपल्या रक्तातल्या लाल द्रव्याच्या भाऊबंदाचा आहे. नत्र बांधणाऱ्या विकराला प्राणवायू सोसत नाही, आणि ते विकर चालवणाऱ्या जिवाणूला प्राणवायूवाचून चालत नाही. मधे हे लाल द्रव्य उभं असतं. मोजून प्राणवायू देतं, वर एक घोटही नाही. दोघांशी संबंध ठेवून दोघांना सांभाळणारं असं एखादं माणूस प्रत्येक भावकीत असतं. ते गेल्यावर भावकीला कळतं.

*

अलिबागजवळ थळच्या कारखान्यातही हवेतलं नत्रच बांधतात. नैसर्गिक वायूतून हायड्रोजन काढायचा, हवेतून नत्र घ्यायचं, चारशे अंशांच्या वर तापवायचं आणि हवेच्या शेकडो पट दाबाखाली दोघांना एकत्र आणायचं. मग अमोनिया, त्यातून युरिया. हरभऱ्याची गाठ तेच मातीच्या तापमानाला करते.

म्हणून गाठ फुकट काम करते असं नाही. हरभरा जिवाणूला साखर पुरवतो, रोजच्या रोज, स्वतःच्या वाढीतून कापून. मजुरी वेगळ्या नाण्यात असली की बघणाऱ्याला ती सेवा वाटते.

सोयाबीनला भरपूर युरिया घातला तर गाठी नीट बांधल्या जात नाहीत. आयतं मिळत असताना जिवाणू कोण पोसेल! यावरून अनुदानांबद्दल दोन वाक्यं सुचतात. पण सोयाबीनला कर्ज नसतं आणि मुलीचं लग्न काढायचं नसतं, म्हणून ती लिहीत नाही.

*

फ्रिट्झ हाबरने 1909 मध्ये प्रयोगशाळेत अमोनिया थेंब थेंब पाडून दाखवला. 1913 मध्ये जर्मनीत ओपाऊला कारखाना सुरू झाला. पुढच्याच वर्षी युद्ध लागलं आणि तोच अमोनिया स्फोटकांकडे वळला. 1915 मध्ये ईप्रच्या रणांगणावर क्लोरीन वायू सोडण्याचं काम हाबरच्याच देखरेखीखाली झालं. 1918 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं.

आज जगातल्या जवळपास निम्म्या माणसांचं अन्न त्याच्या रीतीने बांधलेल्या नत्रावर उभं आहे, असा अंदाज आहे. आपल्या हाडामांसात त्याचा वाटा आहे. आभार मानायला जावं तर जीभ अडते. शिव्या द्यायला जावं तर ताटात भाकरी.

*

इंग्लंडमध्ये रोदमस्टेडला गव्हाचा एक प्रयोग 1843 पासून चालू आहे. त्यातल्या एका पट्ट्याला तेव्हापासून काहीच घातलेलं नाही. शेणखत नाही, रासायनिक खत नाही. आपल्याला वाटेल, तिथं आता धूळ असेल. तिथं गहू येतो. हेक्टरी टनभर.

पाऊस थोडं नत्र आणतो. मातीतले जिवाणू थोडं बांधतात, थोडं सोडतात. तेवढ्यावर पट्टा दीडशेहून अधिक वर्षं चालला आहे.

उणीव मारत नाही. बेतात जगायला शिकवते, आणि बेत हाच स्वभाव वाटू लागतो. शेजारचा खत घातलेला पट्टा नसता तर कुणी म्हणालंही असतं, या मातीत गहू एवढाच येतो.

*

कच्चं शेणखत घातलं की पीक आधी पिवळं पडतं. नव्या शेतकऱ्याला ही फसवणूक वाटते. घातलं खत, दिसली भूक.

उसाचं पाचट किंवा ज्वारीची धाटं मातीत गाडली तरी हेच. त्यात कार्बन ढीगभर, नत्र चिमूटभर. कुजवणाऱ्या जिवाणूंना कार्बन पचवायला नत्र लागतं. पाचटात पुरेसं नसतं, मग ते मातीतलं उचलतात. पीक बाहेर हात धुऊन उभं. जमिनीच्या पंगतीत जिवाणू नेहमी पहिल्या पंगतीला बसतात. ते उठले, म्हणजे मेले, की त्यांच्याच देहातलं नत्र दुसऱ्या पंगतीला वाढलं जातं.

घाई असणाऱ्याने पाचटावर युरिया भुरकावा. घाई नसणाऱ्याने उकिरड्यावर विश्वास ठेवावा. उकिरड्याने काळजी घेतलेलं शेत मी बिघडलेलं पाहिलं नाही.

*

धनगरांचा वाडा रानात उतरायचा. मेंढ्या रात्रभर शेतात बसवायच्या, बदल्यात धान्य द्यायचं. लेंडी सगळ्यांना दिसते. मुतात युरिया असतो, तो दिसत नाही. 1828 मध्ये व्होलरने प्रयोगशाळेत युरिया बनवला, तेव्हा जिवाच्या देहातला पदार्थ देहाबाहेर तयार होतो हे पाहून युरोपातले रसायनशास्त्रज्ञ थक्क झाले. अण्णांच्या वडिलांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, मेंढरं मोजून घ्या.

*

सलग पाऊस लागला की पीक पिवळं पडतं. खत टाकलेलं असतं, मातीत पाणी असतं, तरी पिवळं.

मातीच्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही. श्वास कोंडलेलं मूळ जेवत नाही. प्राणवायूला मुकलेले काही जिवाणू मातीतल्या नायट्रेटचाच प्राणवायू वापरतात, आणि नत्र पुन्हा हवेत निघून जातं. त्यातलं थोडं नायट्रस ऑक्साइड होऊन जातं. तो वायू पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेतीनशे पट जोरकस आहे. राहिलेलं पाण्याबरोबर खाली झिरपतं आणि विहिरीत उतरतं. टाकलेल्या युरियातलं निम्म्याहून जास्त नत्र बहुतेक शेतांत पिकाला लाभतच नाही.

अशा वेळी अण्णा काहीच टाकत नाहीत. चर काढतात आणि थांबतात. "वाफसा येऊ दे."

वाफसा म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची वेळ. दोन पावसांमधली, थोडीच. ती ओळखायला मूठभर माती दाबून बघावी लागते.

*

युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते. मिळते तेव्हा. तिच्यात 46 टक्के नत्र असतं. या भावात दुसरं काहीही एवढं हिरवं होत नाही.

टाकल्यावर चार-सहा दिवसांत पिकाला काळोखी येते. काळोखी हा शेतातला लाडका शब्द आहे. शहरात काळोख म्हणजे दिवे गेले. शेतात काळोखी म्हणजे हिरवा इतका गर्द की काळा वाटावा. बांधावरून जाणारा थांबतो, विचारतो, काय टाकलं? या प्रश्नासाठी कितीतरी गोण्या रिकाम्या होतात.

जास्त झालं की पीक माजतं. पान रुंद, मऊ, रसाळ. मावा आणि तुडतुडे तिथं आधी पोचतात. ताट उंच होतं, बुडात जोर नसतो, वाऱ्याने लोळतं. कापूस पानांतच रमतो, बोंडाचं नाव काढत नाही. ऊस उंच जातो, साखर उतरत नाही. कमी नत्राचं पीक घाईने म्हातारं होतं. जास्त नत्राचं पीक मोठं व्हायलाच तयार नसतं.

2015 पासून देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला. विरघळलेलं नत्र सावकाश हाती यावं म्हणून. भूक घाईची आणि पचन संथ. आजीनेही लेप दिलाच असता.

*

सातारच्या कास पठारावर जांभ्या खडकावर मातीचा थर बोटभर. पाऊस धो धो. जे काही नत्र असेल ते वाहून जातं. 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या जागतिक वारसास्थळांत त्याचं नाव गेलं. भाद्रपदात माणसं मोटारी भरभरून येतात.

तिथं दवबिंदू नावाची एक बुटकी वनस्पती आहे. पानांवरच्या केसांना चिकट थेंब, उन्हात चमकणारे. माशी बसली की सुटत नाही. पान तिच्याभोवती वळतं आणि तिला पचवतं. जवळच सीतेची आसवं फुललेली असतात, निळीजांभळी, वाऱ्यावर डुलणारी. त्यांचे सापळे जमिनीलगतच्या पाण्यात असतात, मोहरीहूनही बारीक पिशव्या. सूक्ष्म जीव केसाला लागला की झडप आत उघडते आणि पाण्यासकट जीव आत ओढला जातो. पापणी लवायच्या आत.

या वनस्पती पोट भरायला शिकार करत नाहीत. अन्न त्या उन्हावर शिजवतातच. शिकार मुख्यतः नत्रासाठी. मातीने दिलं नाही ते माशीकडून घेतलं.

पठाराला खत घातलं तर गवत माजेल आणि ही फुलं त्याखाली दबतील. तिथलं वैभव उणिवेवर उभं आहे. पण हे वाक्य मक्याच्या शेतात उच्चारू नये. तिथं घर चालवायचं असतं.

पर्यटक फुलांचे फोटो काढतात. पिशव्या खाली असतात.

*

अण्णांनी पाऊस बघून, वाफसा बघून, मक्याला दुसरा हप्ता दिला. बुडाशी, चिमटीने, मातीआड करून. फेकला नाही. मी विचारलं, खालचं पान आता हिरवं होईल?

"ते गेलं," अण्णा म्हणाले.

आठ दिवसांनी पुन्हा गेलो. मका कमरेच्या वर आला होता. रस्त्यावरून सगळं काळंभोर. खालचं पान कागदासारखं वाळून ताटाला चिकटलेलं होतं. बोट लावलं की चुरा व्हायचा.

अण्णा सरीत शिरले. दर चार ताटांनी वाकायचे. आता ते खालून दुसरं पान बघत होते. बांधावरून त्यांची टोपी तेवढी दिसायची, मग तीही दिसायची नाही.